आबांच्या विंचेस्टरबद्दलच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. शिरपूरहून धुळ्याला आमच्या बंदुकीच्या दुकानात आलात, आजोबांची, म्हणजे आबांची, विंचेस्टर कंपनीची, खालचा दांडा हलवून चालवायची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणि घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या सोबत आणल्या, पण आम्ही काडतुसं भरून दिली नाहीत आणि वर नळी साफ करण्याचे पैसे घेतले, अशी तुमची तक्रार आहे. ‘दुकानदाराला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त आपली .३१५ ची (भारतात बनणाऱ्या रायफलींची) काडतुसं खपवायची आहेत. अमेरिकेतला माझा चुलतभाऊ हेच काम गॅरेजमध्ये बसून करतो. शेवटी शिसं ते शिसंच,’ असंही तुम्ही लिहिलंय.

दुकानात गर्दी होती, तुम्हाला परतीची घाई होती, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. इथे सविस्तर लिहितो, कारण आजोबा-पणजोबांची जुनी रायफल घेऊन हाच प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही.

कायद्याचं आधी सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्यात धरली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आमचा परवाना विक्रीचा आणि दुरुस्तीचा आहे, काडतुसं भरायचा नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, त्यामुळे तुमचे चुलतभाऊ तिथे काही गैर करत नाहीत. तेच काम इथे आमच्या काउंटरवर केलं तर दुकानाला कुलूप लागेल आणि तुमचा परवानाही जाईल. सातपुड्याच्या पट्ट्यात गावठी कट्ट्यांच्या धाडी पडतात, त्या बातम्या तुम्हीही वाचताच. अशा भागात परवानाधारक दुकानाने एक पुंगळीसुद्धा (काडतुसाचं रिकामं कवच) नोंदीबाहेर हाताळू नये, या मताचा मी आहे.

तरीही, उद्या मला तसा परवाना मिळाला तरी तुम्ही आणलेल्या गोळ्या मी त्या रायफलसाठी भरणार नाही. त्याचं कारण त्या नळीतच आहे.

तुमची रायफल विंचेस्टर १८७३, काडतूस .४४-४०. ही काडतुसं आली तेव्हा त्यात ४० ग्रेन काळी दारू आणि सुमारे २०० ग्रेनची, म्हणजे साधारण १३ ग्रॅमची, मऊ शिशाची गोळी असायची. नळीच्या आट्यांचं, म्हणजे आतल्या पिळदार चऱ्यांचं, ठरलेलं माप ०.४२७ इंच. पण त्या काळच्या नळ्या सगळ्या त्या मापाला उतरलेल्या नाहीत. कुठली ०.४२५ ची निघते, कुठली ०.४३० च्याही पुढे जाते. म्हणून मी तुमच्यासमोरच नळीचं माप घेतलं. आठवत असेल, मऊ शिशाचा एक तुकडा तेल लावून तोंडाकडून आत घातला आणि पितळी गजाने हळूहळू ठोकत पलीकडे काढला. त्यावर सहा आट्यांचे ठसे स्वच्छ उमटले होते. समोरासमोरच्या ठशांवर मायक्रोमीटर लावला तेव्हा माप ०.४३० आलं. मग तुमच्या डब्यातल्या गोळ्या मोजल्या, त्या ०.४२७ च्या.

तीन हजारांश इंच म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटलं, आणि तसं तुम्ही बोललातही. शिशाच्या गोळीला मात्र तेवढी फट पुरते. ओतीव गोळी आट्यांच्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाडच हवी, म्हणजे ती नळीला चहूबाजूंनी घट्ट बसते आणि मागचा तापलेला वायू अडवते. सैल बसली की वायू तिच्या कडेने पुढे धावतो, शिसं कापतो आणि ते नळीच्या भिंतीवर चिकटवत जातो. नेमही जातो आणि नळीही.

साफसफाईचे पैसे कशाचे, हा तुमचा प्रश्न इथेच येतो. आबांच्या रायफलच्या नळीत चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे शिशाचा करडा थर बसलेला होता. तोंडाकडच्या भागात जवळजवळ नव्हता. शिसं तोंडाकडे साचलं असतं तर गोळीवरचं वंगण अर्ध्या वाटेत संपलं असं म्हणता येतं. चेंबरपाशी साचलं, याचा सहसा अर्थ गोळी लहान होती. म्हणजे आबांच्या काळात जी काडतुसं वापरली गेली, तीही या नळीला सैलच असावीत. तो थर नुसत्या तेलाने निघत नाही. ब्रशवर शुद्ध तांब्याच्या घासणीच्या तारा गुंडाळून, मागून गज घालता येत नाही म्हणून तोंडाला गाइड बसवून, पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. शिशाच्या चपट्या, चकचकीत पापुद्र्या निघाल्या, त्या पांढऱ्या कागदावर ठेवून तुम्हाला दाखवल्या होत्या. काम पूर्ण झालं आहे, त्याचे पैसे परत करणार नाही.

आता ‘शिसं ते शिसं’बद्दल. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि फार मऊ असतं, कठिणतेच्या ब्रिनेल मापाने सुमारे ५. त्यात थोडं कथील घातलं की ते साच्यात नीट भरतं, गोळीच्या कडा धारदार येतात. अँटिमनी घातली की गोळी कडक होते. तुम्ही सांगितलंत की बंद पडलेल्या छापखान्याचे जुने खिळे (छपाईची धातूची अक्षरं) घेतले आणि ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीचं शिसं त्यात मिसळलं, ‘एकदम कडक माल’ झाला. छापखान्याच्या धातूत अँटिमनी भरपूर असते. लायनोटाइपच्या, म्हणजे अख्खी ओळ ओतणाऱ्या छपाई-यंत्राच्या, धातूतसुद्धा साधारण १२ टक्के असते आणि त्याची कठिणता २२ च्या आसपास जाते, सुट्या खिळ्यांची त्याहून जास्त. चुलतभावाच्या .३०-३० ला कडक गोळी चालते, कारण ते १८९५ पासूनचं, धूररहित दारूचं, जास्त दाबाचं काडतूस आहे आणि तो गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक, बसवतो. तुमच्या रायफलचा दाब त्या मानाने फारच कमी. तेवढ्या दाबात मऊ गोळी बुडाशी किंचित फुगते आणि फट भरून काढते. कडक गोळी फुगत नाही. म्हणजे मुळात लहान गोळी आणि वर कडक, अशा दोन्ही गोष्टी या नळीच्या विरोधात आहेत. या बंदुकीला जुन्या पद्धतीचं, २० भाग शिशाला १ भाग कथील, असं मऊ मिश्रणच शोभतं.

बॅटरीच्या शिशाबद्दल मात्र भाऊ, मला खरंच काळजी वाटली. हल्लीच्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांत कॅल्शियम असतं, कशात आर्सेनिक आणि अँटिमनीही असते. त्या वितळवल्यावर वर जी मळी येते तिला ओल लागली तर आर्साइन आणि स्टिबाइन हे अतिशय विषारी वायू तयार होऊ शकतात. स्वयंपाकघरातल्या गॅसवर, मुलगा शेजारी उभा असताना, हे काम केल्याचं तुम्ही हसत सांगितलंत. शिशाची वाफ त्या तापमानाला फारशी होत नाही, मुख्य धोका मळीच्या बारीक धुळीचा आहे. ती हाताला लागते, भांड्यांवर बसते, तिथून पोटात जाते. लहान मुलांच्या शरीरात शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. ओटा ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू मारू नका. मुलाची रक्ततपासणी करून घ्या, डॉक्टरांना शिशाचं कारण सांगा. आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफेचा स्फोट होऊन सगळं शिसं अंगावर उडतं, हेही लक्षात असू द्या.

काडतुसाच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक आडवी राहतात, पुढच्याच्या बुडातली ठिणगीची टोपी (प्रायमर) मागच्याच्या गोळीला टेकलेली असते; टोकदार गोळीने ती पेटू शकते. म्हणून गोळीचं तोंड चपटंच हवं. तुमच्या साच्यातल्या गोळीचं तोंड तसं आहे, ते बरोबर. पण तो जुन्या घडणीचा साचा आहे, त्यात पुंगळीचं तोंड दाबून बसवायची खाच नाही. काळ्या दारूने पुंगळी गच्च भरायची तेव्हा गोळीला मागून आधार असायचा. धूररहित दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते. खाच नसेल तर मॅगझिनच्या स्प्रिंगने गोळी मागे सरकते आणि दाब अचानक वाढतो. शिवाय एवढ्या मोकळ्या पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तरी वरून कळत नाही.

चुलतभावाने पाठवलेलं दारूचं प्रमाण तुम्ही मोबाइलवर दाखवलंत. ते १८९२ च्या मॉडेलसाठीचं आहे, तसं त्यावरच लिहिलं होतं. काडतूस तेच असलं तरी बंदूक ती नव्हे. १८९२ ची रचना जॉन ब्राउनिंगची, तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस मागून अडवणारा तुकडा, दोन जाड पोलादी ठोकळ्यांनी अडवलेला असतो. १८७३ चा बोल्ट गुडघ्यासारख्या मुडपणाऱ्या दोन दुव्यांवर थांबलेला असतो. काळ्या दारूला ते पुरेसं होतं. पुढे जास्त वेगाची .४४-४० काडतुसं निघाली तेव्हा ती १८७३ मध्ये वापरू नका, असा इशारा त्यांच्या पाकिटावरच छापला जायचा. गोळी झाडताना तुमचा गाल दस्त्यावर असतो आणि ते दुवे तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतात. एवढं माहीत असताना ते काडतूस मी कुणाच्या हातात देऊ शकत नाही.

.३१५ चं काडतूस मी तुम्हाला विकायचा प्रयत्न केला, हे खरं नाही. ते तुमच्या रायफलीत जातच नाही. वावरात डुकरं येतात म्हणालात, तेव्हा एवढंच बोललो की बंदूक चालवायचीच वेळ आली तर आजच्या बनावटीची, जिची काडतुसं सरळ मिळतात अशी असावी, आणि रानडुकरावर झाडायची तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हवी. ती नसेल तर पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करा, त्याला बंदूक लागत नाही.

यापुढे काय करायचं तेही सांगतो. साचा आणि ओतलेल्या गोळ्या घरात ठेवता येतील का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोवर नवीन ओतू नका. आबांची रायफल वारसाने तुमच्या नावावर आली आहे, ती जपायला माझी पूर्ण मदत राहील. पावसाळ्याआधी आणि नंतर तेलपाणी करून देईन, लिव्हर थोडी सैल लागते तिची पिन बघेन, आणि त्याचे पैसे घेणार नाही. मापाचा शिशाचा तुकडा तुमच्या नावाच्या पाकिटात दुकानात ठेवला आहे, वर ०.४३० लिहून. येताना मूळ परवाना आणा, झेरॉक्सवर आम्ही बंदूक आत घेत नाही. सोमवार टाळा, त्या दिवशी रजिस्टर तपासणीचं काम असतं आणि बोलायला वेळ मिळत नाही.