स्थळ पाहणी: चेशम

लंडनची भुयारी रेल्वे निम्म्याहून जास्त जमिनीच्या वरूनच धावते. बेकर स्ट्रीटला आम्ही जिने उतरून गाडीत बसलो, मी नातेवाइकांच्या ग्रुपवर 'आता पाताळात' असं टाकलं, आणि कुणी अंगठा दाखवायच्या आत खिडकीत ऊन आलं. पुढचा सगळा प्रवास परसबागा, वाळत घातलेले कपडे आणि झाडं बघत.

वास्तविक, जगातली पहिली भुयारी रेल्वे हीच, 1863 सालची मेट्रोपॉलिटन. भुयारात वाफेची इंजिनं पळवायचे, त्या धुराला कंटाळूनच बहुधा कंपनीनं शहराबाहेर धाव घेतली असावी. 1889 साली ती लंडनपासून चाळीस किलोमीटरवरच्या चेशमला पोचली. रुळांसाठी घेतलेली जमीन उरली तर ठेवून घ्यायची मुभा इतर रेल्वे कंपन्यांना नव्हती, हिला होती. तिनं पुढे त्यावर घरं बांधून विकली. भूसंपादनाच्या फायली हाताळलेल्या माणसाला हे ऐकून हुंदका येतो.

जावयाचा बेत असा, की रिकमन्सवर्थला उतरायचं आणि चेस नदीच्या काठाकाठानं चेशमपर्यंत चालत जायचं. "जेमतेम सोळा किलोमीटर, बाबा. सपाट आहे सगळं." जावई पुण्याचा, दर रविवारी सिंहगड चढून आलेला. त्याला जगात कुठेच चढ दिसत नाही.

गाव संपलं, झाडी संपली आणि पायवाट दाखवणारा पिवळा बाण थेट उभ्या गव्हात शिरला. मी बाणापाशीच थांबलो.

"अहो, चला की," ही म्हणाली.

"पीक उभं आहे."

"मग वाट आहे ना त्यातून?"

तिला काय सांगणार? तहसील कचेरीत माझी निम्मी नोकरी याच एका प्रश्नात गेली. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल अधिनियम 1966, कलम 143. मग नोटिसा, स्थळ पाहणी, पंचनामा. पंच सही करायच्या वेळी नेमके लघवीला जायचे. "सायेब, हितं रस्ता कधीच नव्हता," असं छातीठोकपणे सांगणारा इसम त्याच रस्त्यात उभा राहून ते सांगायचा, आणि आमची जीपही त्याच रस्त्यानं आलेली असायची.

आणि इथं परक्याच्या गव्हातून हातभर रुंदीची स्वच्छ वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढं पीक, आणि माझी बायको त्यातून भडंग खात चाललेली.

जावयानं चालता चालता मोबाईलवर कायदा वाचून दाखवला. पायवाटा सरकारी नकाशावर नोंदलेल्या असतात. शेतकऱ्यानं वाट नांगरली तर चौदा दिवसांत ती पुन्हा करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. वीस वर्षं लोक बिनअडथळा चालले, तर वाट लोकांची धरतात. वीस वर्षं तर आपल्या 1882 च्या ईझमेंट अ‍ॅक्टातही, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यातही आहेत! आपल्याकडे अडतं ते 'बिनअडथळा' या शब्दापाशी.

एवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. मी सवयीनं हिच्या मागे झालो. ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला, तो नमस्काराला. "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि गेला. ना "कुनाला इचारून शिरला?", ना आईबहिणीचा उद्धार. मला सेवानिवृत्त झाल्यासारखं पहिल्यांदा तिथं वाटलं.

अडथळे म्हणाल तर फाटकांचे. एक लाकडी फाटक कठड्याच्या बेचक्यात झुलत असतं. आपण बेचक्यात शिरायचं, अंग आक्रसायचं, फाटक पोटावरून घासत पलीकडे ढकलायचं आणि सुटायचं. जनावरं अडावीत, माणसं जावीत अशी योजना. जावई गेला, मुलगी गेली, ही पिशवीसकट गेली. मी आत असताना पलीकडच्या गायी रवंथ थांबवून बघत होत्या.

गायींवरून वळूचा विषय निघाला. पायवाट असलेल्या शेतात दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू सोडायला बंदी आहे. मांसाच्या जातीचा चालतो, मात्र सोबत गायी किंवा कालवडी हव्यात. कायदा उत्तम आहे. पण समोरून धावत येणाऱ्या वळूला त्याची जात विचारायची कुणी?

वाटेत लॅटिमर नावाचं इवलंसं गाव लागतं. तिथल्या हिरवळीवर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या एका घोड्याचं स्मारक आहे. 1900 साली बोअरांच्या बाजूनं लढणारा एक फ्रेंच सेनापती मारला गेला, त्याचा घोडा जखमी झाला. लॉर्ड चेशमनं तो इकडे आणला आणि पुढे त्याचं काळीज इथं पुरलं. मी स्मारकाच्या कठड्यावर बसलो. माझे गुडघेही तिथंच पुरायच्या लायकीचे झाले होते, पण जावई म्हणाला, "बाबा, आता फक्त पाच किलोमीटर." ते पाच किलोमीटर मोजणारा कुठलाही भूकरमापक मी निलंबित केला असता.

चेशमच्या स्टेशनात फलाट एकच. इथून पुढचं स्टेशन सहा किलोमीटरच्या वर, अख्ख्या लंडन अंडरग्राउंडमध्ये लगतच्या दोन स्टेशनांमधलं सगळ्यात लांब अंतर. गाडीला वेळ होता. मी बूट सैल करून बाकावर पसरलो आणि जावयाला कलम 5 सविस्तर समजावून सांगू लागलो. अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा टाकावा लागतो, वगैरे.

त्यानं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "बाबा, गावाकडं आपल्या शेतात जायला रस्ता कुठून आहे?"

मी घसा खाकरला. हिनं भडंगाच्या पुडीतून डोकं वर न काढता सांगितलं, "धाकट्या चुलत्यांच्या उसातून. अडवलाय त्यांनी. सप्टेंबरात तारीख आहे."