क म्हणजे केळं नव्हे

परीक्षा जवळ आल्या की इंदूरमधल्या आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो: ‘एकपदी दोन मिनिटांत! क म्हणजे केळं समजा. सारखी अक्षरं एकत्र करा, वेगळी तशीच ठेवा. गुणाकार आला की घातांक गुणा, भागाकार आला की भागा.’ (एकपदी म्हणजे ३क, २क² यांसारखी एकाच पदाची राशी; घातांक म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा छोटा आकडा.) मी सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. हे पाठ करून आलेल्या मुलांच्या वह्या माझ्यासमोर असतात, म्हणून लिहिते आहे.

खरं नुकसान केळ्यानं होतं. ३क + २क = ५क हे केळ्यांनी पटतं. पण ३क × २क? केळं गुणिले केळं म्हणजे काय, हे कुणाला सांगता येईल? आणि ५क − क चं उत्तर मुलं ५ लिहितात, कारण केळं काढून टाकलं! क ही वस्तू नाही, संख्या आहे. एका प्लेट पोह्यांची किंमत क धरा. पाच प्लेटांच्या किमतीतून एकीची वजा केली की चारांची उरते, ४क. गुणाकाराला अंगणातल्या चौरस फरश्या घ्या, प्रत्येकीची बाजू क. लांबीला तीन, रुंदीला दोन बसवल्या तर सहा फरश्या, एकेकीचं क्षेत्रफळ क². म्हणून ६क². बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अव्यक्ताला, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येला, ‘यावत्तावत्’ म्हटलंय, म्हणजे ‘जितकं तितकं’. किती, हा प्रश्न त्या नावातच आहे.

‘सारखी अक्षरं एकत्र करा’ हे अर्धवट आहे. ३क + २क² मध्ये अक्षर एकच, तरी बेरीज पुढे जात नाही. क = २ घाला: ६ + ८ = १४. मुलांनी लिहिलेल्या ५क² ची किंमत २० येते, ५क³ ची ४०. अक्षराबरोबर घातांकही सारखा असेल तरच पदं सजातीय. वेगळ्या जातीची पदं वेगळी ठेवा, हे भास्कराचार्यांनीही सांगून ठेवलंय.

गुणाकारात घातांक गुणायचे, ही तर सरळ चूक. क² × क³ घ्या. क² म्हणजे दोन क, क³ म्हणजे तीन क, सगळे एकमेकांना गुणलेले. मिळून पाच, म्हणून क⁵. क = २ घेतला तर ४ × ८ = ३२, आणि क⁶ मात्र ६४. घातांक गुणायचे ते (क²)³ मध्ये, कारण तिथे क² तीनदा येतो. भागाकारात, क शून्य नसेल तर, घातांक वजा होतात. भागायचे ते फक्त सहगुणक, म्हणजे अक्षराआधीचे आकडे. १२क⁵ ÷ ४क² = ३क³. मेसेजवाली मुलं बाराला चारानं नीट भागतात, मग पाचाला दोननं भागायला जातात. क चा अडीचावा घात लिहिलेली वही परवाच माझ्याकडे आली होती.