स्वादुपिंडाचा कॅन्सर? कोणता, ते आधी विचारा

२००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात स्टीव्ह जॉब्सनी सांगितलं होतं, की त्यांच्या स्वादुपिंडातल्या गाठीच्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहून डॉक्टर रडायला लागले. दुःखाने नव्हे. गाठ दुर्मीळ प्रकारची, ऑपरेशनने बरी होण्याजोगी निघाली म्हणून!

आपल्याकडे 'स्वादुपिंड' एवढं ऐकलं की नातेवाईक हातपाय गाळतात. मनोहर पर्रीकरांचा आजार सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे ती भीती कळते. पण हे सगळे कॅन्सर एका माळेचे मणी नाहीत.

नेहमी आढळणारा अॅडिनोकार्सिनोमा पाचकरसाच्या नलिकांमधून निघतो आणि झपाट्याने पसरतो. जॉब्सना झाला तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. तो इन्सुलिनसारखी हार्मोन्स बनवणाऱ्या पेशींचा, आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षं सावकाश वाढणारा. त्याच्या तऱ्हा मात्र चक्रावून टाकतात. गाठ इन्सुलिन सोडत असेल तर उपाशीपोटी साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो आणि काही खाल्लं की ताळ्यावर येतो. अशांवर फिट्सचे किंवा मानसिक आजाराचे उपचार सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. पोटातलं आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन सोडत असेल तर अल्सरवर अल्सर. व्हीआयपी (हो, हार्मोनचं नावच तसं आहे) सोडत असेल तर पाण्यासारखे जुलाब. आणि बहुतेक गाठी असा काहीच गाजावाजा करत नाहीत. भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सापडतात.

सावकाश म्हणजे निरुपद्रवी नव्हे, यकृतात पसरू शकतो. ऑक्टोबर २००३ मध्ये निदान होऊनही जॉब्स नऊ महिने ऑपरेशन टाळून आहार आणि वनस्पतींच्या मागे राहिले. २०११ मध्ये गेले. त्या नऊ महिन्यांनी नेमकं किती बिघडवलं यावर वाद आहे, पण काढ्याचे फॉरवर्ड पाठवणाऱ्या काका-मामांनी एवढी गोष्ट वाचावीच.

माझं म्हणणं इतकंच, की रडारड किंवा काढा, दोन्हीच्या आधी बायोप्सीचा रिपोर्ट नीट समजून घ्या. प्रकार कोणता, ग्रेड कितवी, 'केआय-६७' (म्हणजे गाठीतल्या किती पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत त्याचं माप) किती टक्के? तीनच्या खाली असेल तर वाढ मंद, विसाच्या वर असेल तर प्रकरण गंभीर. पसरला असला तरी हार्मोन्स आणि वाढ आवरणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आहेत, गाठीच्या पेशींपर्यंत किरणोत्सार पोचवणारी ल्युटेशियमची थेरपी आहे. तीही कुठे परदेशात नाही. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार झालेलं ल्युटेशियम परळला पेशंटना दिलं जातं.