उघडच आहे

जर्मन तत्त्वज्ञ कांटचे ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ मी आजवर चार वेळा वाचायला घेतले आणि चारही वेळा मिटून ठेवले. प्रस्तावनेच्या पानांवर माझ्या पेन्सिलीच्या इतक्या रेघा आहेत की, तिथे रेघ नसलेली ओळच उठून दिसते. त्यानंतर मात्र पुस्तक कोरे करकरीत आहे.

मूळ ग्रंथाला थेट हात घालू नये, आधी एखादे परिचयपर पुस्तक वाचावे, असे एका जाणकार स्नेह्यांनी सुचवले, म्हणून तेही वाचले. अवकाश आणि काळ या आपल्या संवेदनेच्याच चौकटी आहेत, हे पहिल्या पानावर मला बऱ्यापैकी उमगलेले असताना परिचयकर्ते खुर्ची, चष्मा आणि पुन्हा खुर्ची अशी उदाहरणे देत तेच पंधरा पाने समजावत राहिले. पुढे बुद्धीच्या बारा कोटी, म्हणजे अनुभव ज्यांत बसवून ती समजून घेते त्या मूळ संकल्पना, आल्या, त्यावर त्यांनी स्वतःची तेरावी कोटी केली (ती मला कळली, हे नमूद करतो), आणि या कोटी अनुभवाला लागू का पडाव्यात, हा भल्याभल्यांना घाम फोडणारा ‘डिडक्शन’चा भाग येताच ‘यावरून उघडच दिसते की’ असे म्हणून ते पलीकडच्या परिच्छेदात पोहोचले. मी अलीकडेच राहिलो.

सोपे करून सांगण्याचा मोह खुद्द कांटलाही आवरला नव्हता. १७८१ साली ग्रंथ निघाला, तो दुर्बोध असल्याची तक्रार झाली, तेव्हा १७८३ मध्ये त्याने ‘प्रोलेगोमेना’ हे छोटे पुस्तक लिहिले आणि आरंभीच बजावले की, हे शिकाऊंसाठी नसून भावी शिक्षकांसाठी आहे. त्याच्यानंतरचा जर्मन तत्त्वज्ञ हेगेल, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला प्रस्तावना शोभत नाही, हे त्याने १८०७ च्या आपल्या ग्रंथात सांगितले ते एका लांबलचक प्रस्तावनेत.

परवा पाचव्यांदा कांट उघडला. प्रस्तावनेत, रेघांच्या त्या गर्दीत, एकच वाक्य माझ्या पेन्सिलीतून सुटलेले आढळले. कांट तिथे कबूल करतो की, सगळ्यांत जास्त कष्ट आपल्याला याच डिडक्शनने घ्यायला लावले. एवढे करूनही समाधान न झाल्यामुळे १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याने तो भाग मुळापासून नव्याने लिहिला.

मी पेन्सिलीला टोक काढले, त्या वाक्याखाली जाड रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘उघडच आहे’.