एका प्रतिक्रियेला उत्तर : न्यायाधीश मॉटली आणि निःपक्षपात

वकीलसाहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वकील आणि पुढे न्यायाधीश झालेल्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं : मॉटली या राजकारणातून आलेल्या, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतांवर डोळा ठेवून त्यांना अमेरिकेच्या संघीय न्यायालयात बसवलं. सिनेटर ईस्टलंड यांनी ती नेमणूक सात महिने रोखली ते योग्यच होतं. ‘आयुष्यभर एकाच बाजूने लढलेली वकील खुर्चीवर बसली म्हणून निःपक्ष होत नाही.’ त्यांचे निकाल अपिलात फिरले हे मी सांगितलं नाही. आणि शेवटी, ‘लेखिकेने कोर्टाची पायरीही चढलेली दिसत नाही, म्हणून लेखाचं भजन झालं आहे.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला लागलं. माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात झाली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं न्यायाधीशांच्या समोर, खाली, बेंच क्लर्कच्या टेबलाशी बसून काढली. बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, लावलं, साक्षीदारांना शपथ दिली, मुद्देमालाच्या पुड्या उघडताना पाहिल्या. तुमच्यासारखे वकील ‘तारीख द्या’ म्हणून आमच्याच टेबलाशी यायचे. एखाद्या अनोळखी बाईने न्यायाधीशावर लेख लिहिला की तिने पायरीच चढलेली नसणार, हे तुम्ही कोणत्या पुराव्यावरून ठरवलंत? तुम्ही निवृत्त वकील आहात असं स्वतःच लिहिलंत. पुराव्याशिवायचं विधान वकिलाला शोभत नाही, एवढंच म्हणते.

लेखात कौतुक जास्त आहे, हे मात्र कबूल. मला त्या बाईंचं कौतुक आहेच आणि ते मी झाकलेलं नाही.

आता त्या निःपक्षपणाच्या वाक्याकडे. त्याला सविस्तर उत्तर देते, कारण हाच समज मी कोर्टाच्या आवारात अनेक शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. आमच्याकडे एक जिल्हा न्यायाधीश थेट भरतीतून आले होते. आपल्या संविधानाच्या 233व्या अनुच्छेदात सात वर्षं वकिली केलेल्याला जिल्हा न्यायाधीश होता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हे साहेब त्याआधी दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी वकील होते. आल्या आल्या पोलिसांना वाटलं, आपला माणूस आला. आरोपीचे वकील धास्तावले. प्रत्यक्षात काय झालं? आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू जप्त केल्याचा मेमोरँडम पंचनामा ठाण्यात बसून कसा तयार होतो, एकच पंच चार-चार गुन्ह्यांत कसा सापडतो, हे या माणसाला आतून माहीत होतं. तपास अधिकाऱ्याला त्यांनी विचारलेले प्रश्न मी त्या टेबलाशी बसून ऐकले आहेत. पोलिसांची कुरकुर सुरू झाली. पण जिथे पुरावा पक्का होता तिथे शिक्षाही तितक्याच ठाम झाल्या. एका बाजूने लढलेल्या माणसाला त्या बाजूच्या लबाड्याही ठाऊक असतात, हे मी तिथे शिकले.

मॉटली यांना हाच प्रश्न भर न्यायालयात विचारला गेला होता. 1975 साली. सलिव्हन अँड क्रॉमवेल या न्यूयॉर्कच्या बड्या वकिली फर्मविरुद्ध स्त्रियांशी भेदभाव केल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. फर्मने अर्ज केला की न्यायाधीशांनी बाजूला व्हावं, कारण त्या स्वतः स्त्री आहेत आणि वकील म्हणून भेदभावाविरुद्ध खटले लढलेल्या आहेत. मॉटली यांनी अर्ज फेटाळला. त्यांच्या आदेशाचा मतितार्थ असा : न्यायाधीशाची पार्श्वभूमी, लिंग किंवा वंश एवढ्यानेच तो अपात्र ठरत असेल, तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा दावा ऐकू शकणार नाही. कारण प्रत्येक जण वकीलच होता आणि प्रत्येक जण स्त्री किंवा पुरुष होता. वकीलसाहेब, तुमच्या आक्षेपाला इतकं सरळ उत्तर मला देता आलं नसतं. आणि ही घटना माझ्या लेखात होती, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. समोरच्याचा अर्ज पूर्ण न वाचता तुम्ही ‘से’, म्हणजे लेखी उत्तर, दाखल करत होतात का?

आणखी एक. मोठ्या कंपन्यांची बाजू आयुष्यभर मांडलेला वकील न्यायाधीश झाला, तर त्याच्या निःपक्षपणाबद्दल तुम्ही असंच लिहाल? आयुष्यभर सरकारी वकिली केलेल्याबद्दल? मी तुमच्या तोंडी काही घालत नाही, विचारते आहे. मॉटली यांची ‘बाजू’ म्हणजे काय होती, तेही नीट सांगू या. 1945 साली कोलंबिया विधी महाविद्यालयात शिकत असतानाच त्या नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कायदा निधीत, म्हणजे खटले लढवणाऱ्या शाखेत, कामाला लागल्या. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्यातल्या मूळ दाव्याचा मसुदा लिहिण्यात त्यांचा हात होता. 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारा खटला त्यांनी चालवला. सर्वोच्च न्यायालयात दहा खटले मांडले, नऊ जिंकले. म्हणजे त्यांची बाजू ही की संविधानात लिहिलेलं आहे ते अमलात आणा. यात पक्षपात कुठे आहे?

ईस्टलंड यांच्याबद्दल. नेमणुकीची छाननी करणं हा सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अधिकार होता, हे मान्य. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट संमती देतं, ही तिथली घटनात्मक पद्धत. पण समितीचे हे अध्यक्ष मिसिसिपीचे, कापसाच्या मळ्यांचे मालक, आणि मेरेडिथ यांचा खटला त्यांच्याच राज्यातला. त्यांनी मॉटली यांच्यावर कम्युनिस्टांशी संबंधाचा आरोप केला. 26 जानेवारी 1966 रोजी सुचवलेलं नाव 30 ऑगस्टला मंजूर झालं. आता दुसरं नाव बघा : विल्यम हॅरॉल्ड कॉक्स. ईस्टलंड यांचे कॉलेजातले खोलीसोबती. 1961 च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचं नाव पाठवलं आणि आठवड्याभरात ते मंजूरही झालं. याच कॉक्स यांनी 1964 मध्ये न्यायासनावरून कृष्णवर्णीय मतदार-अर्जदारांची तुलना चिंपांझींशी केली. दोघांच्या छाननीच्या वेळी समितीचे अध्यक्ष तेच. छाननी योग्य होती म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे या दोन तारखा होत्या का? मला राग येतो तो इथे. ज्याला आठवड्याभरात मंजुरी मिळाली तो न्यायासनावरून माणसांना जनावर म्हणाला, आणि जिला सात महिने ताटकळत ठेवलं तिच्याच निःपक्षपणाची आज आपण मराठीत चौकशी करतो आहोत.

‘राजकारणातून आलेली’ म्हणता, तर हिशोब असा : 1964 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये, 1965 मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन या विभागाच्या (बरोच्या) अध्यक्षपदी. दोन-अडीच वर्षं. त्याआधी जवळपास वीस वर्षं वकिली. शिवाय संघीय न्यायाधीश एकदा बसला की तहहयात. पगार कमी करता येत नाही, महाभियोगाशिवाय काढता येत नाही. जॉन्सन 1969 मध्ये पदावरून गेले. मॉटली 2005 पर्यंत, मृत्यूपर्यंत, न्यायाधीश होत्या. 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या संघीय न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशही झाल्या. त्यांनी कुणाचं काय देणं ठेवलं होतं?

अपिलाचं म्हणाल तर कैदी मार्टिन सोस्त्रे यांच्या खटल्यातला त्यांचा 1970 चा निकाल वरच्या न्यायालयाने अंशतः बदलला, अंशतः राखला. अपील त्यासाठीच असतं. ज्याचा एकही निकाल कधी फिरला नाही असा न्यायाधीश मी पाहिलेला नाही. ‘मराठी वाचकाला याचं काय’ या तुमच्या ओळीवर मी वेळ घालवणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे. फक्त मॉटली यांच्या रंगावरून केलेलं एक वाक्य काढून टाकलं आहे आणि ते पुन्हा आलं तर पुन्हा काढेन. 1975 चा तो आदेश हवा असेल तर निरोप टाका, पाठवते. तो वाचून काही म्हणायचं असेल तर अवश्य लिहा, मी उत्तर देईन.