भुसावळहून दिल्ली, दिल्लीहून थेट लेकीकडे

एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन थेट विमान 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केलं. त्यावरच्या एका लेखात याला 'तोट्याचा मार्ग कापला' म्हटलंय, ते अर्धवट वाटतं. एअर इंडियाने 26 जुनी बोइंग 787-8 विमानं टप्प्याटप्प्याने आतून नवी करायला काढलीत, म्हणजे हाताशी विमानंच कमी. त्यात एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद. वळसा पडायचा, इंधन पुरायचं नाही, मग व्हिएन्नाला उतरून भरायचं.

आमच्या आईला याचं फार वाईट वाटलं. बहीण वॉशिंग्टनला लागून व्हर्जिनियात असते. आई भुसावळला कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसायची, दिल्लीला भाऊ विमानात बसवून द्यायचा, की एकदम लेकीच्या दारात. मधे कुठे विमान बदलणं नाही, कुणाला इंग्रजीत विचारणं नाही. बॅगेत बिबडे (ज्वारीचे पापड), केळीचे वेफर्स आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. (पीठ कसलं हे तिकडच्या कस्टमवाल्याला तिने अहिराणीत समजावलं म्हणे!)

आता मधेच कुठेतरी उतरून दुसरं विमान धरायचं. 74 वर्षांच्या बाईला एवढ्या मोठ्या विमानतळावर गेट कोण शोधून देणार? व्हीलचेअर मागून ठेव म्हटलं, तर म्हणते, "मी काय लंगडी आहे का?"

तिकीट अजून काढलेलं नाही.