दुसरा बाण

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आदल्या संध्याकाळीच ते मला म्हणाले होते, "उजवा हात बधिर झाल्यासारखा वाटतोय रे." मी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणालो, "हातावर झोपला असाल." 35 वर्षं टॉवेलच्या कारखान्यात लूमवर उभा राहिलेला माणूस, सकाळी उठला तर शर्टाचं बटण लावता येईना.

19 दिवस दवाखान्यात काढले. सोलापूरचा मे, रात्रीसुद्धा फरशी तापलेली. भेटायला येणारे धीर द्यायचे. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं भोग आहेत, भोगून संपवायचे. आणि आपल्यातलेच दोघे-तिघे म्हणाले, "बुद्धांनीच सांगितलंय ना, जीवन दुःखमय आहे. स्वीकारायचं." या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. अजून येतो. म्हणून हे लिहितोय.

आईबरोबर बिड्या वळणाऱ्या एक मावशी आहेत. दिवसाला हजार बिड्या वळून संध्याकाळी विहारात येतात. दवाखान्यात त्या माझ्याजवळ बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आप्पांना झालं तो एक बाण. 'हातावर झोपला असाल' हे तू रात्रंदिवस घोळवतोस ना, तो दुसरा. तो कुणी मारला?"

हा दाखला पाली त्रिपिटकात, संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तातला (सल्ल म्हणजे बाण) आहे, हे मला नंतर कळलं. बाण लागला की अंगाला वेदना होते. धम्म न ऐकलेला माणूस त्यावर शोक करतो, छाती बडवतो, म्हणजे पाठोपाठ दुसरा बाण खातो. ज्याने धम्म ऐकलाय त्याला एकच बाण लागतो. पण लागतो! त्यालाही दुखतं. दुखतच नाही असं सोंग आणा, असं बुद्ध कुठेही म्हणत नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी श्वासावर लक्ष ठेवून बसायला लागलो. पहिले पाच-सहा दिवस काहीच झालं नाही, उलट विचार जास्त यायचे. मग एका पहाटे तेच वाक्य आलं आणि पहिल्यांदा मला ते येताना दिसलं. आलं, छातीत कळ उठली, थोड्या वेळाने गेलं. तासाभराने परत आलं. तरी ते येतं आणि जातं, एवढं कळल्यावर मी उठून आप्पांचं अंग पुसू शकलो. रडत बसलेल्या मुलाचा त्यांना उपयोग नव्हता, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्याचा होता.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला, कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून नीट निजवलं. मग संघाला सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्या भिक्खूला आधी दुःखावर प्रवचन दिलं नाही. आधी पाणी आणलं.

आणि आपण तर बाबासाहेबांच्या वाटेने धम्मात आलेली माणसं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच ते विचारतात, सगळं दुःखच असेल तर हा धम्म निराशावादी होत नाही का? त्यांच्या मांडणीत दुःख आहे हे मान्य करणं आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणं, दोन्ही मिळून धम्माचा पाया होतो. सिद्धार्थाचा गृहत्यागसुद्धा ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणाशी जोडतात. उजनी धरण भरलेलं असतानाही चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं, त्यासाठी रात्री जागणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. 'स्वीकार' हा शब्द दुसऱ्या बाणासाठी आहे. पहिला बाण कुठून आला हे शोधायचंच, आणि पुढच्याला लागू नये याची तजवीज करायची.

आप्पांचा बाण कुठून आला? ब्लड प्रेशर. गोळी संपली की "आता बरं वाटतंय" म्हणून बंद. आणि माझं अज्ञान. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून या वर्षावासात, पावसाळ्यात विहारात रोज जमतो तेव्हा, ग्रंथवाचनाआधी विहाराच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं: तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा बधिरपणा, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक झालं तरी थांबायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात. मावशींनी ते मोठ्याने दोनदा वाचून घेतलं. मागे खुर्चीत आप्पा बसले होते, डाव्या हाताने उजवा मनगटापाशी धरून.